पेठ सांगा, संघ सांगतो

कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं ऐकून आधी कुस्तीचा आखाडाच आठवतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम! पेठापेठांतल्या तालमींनीच हे संघ उभे केले. त्यामुळे इथं संघ कुणी निवडत नाही. जन्मानं पेठ मिळते आणि पेठेबरोबर संघ. शाहू स्टेडियमवर खेळणारा पोरगा गल्लीतलाच. सोपा गोल हुकवला, की संध्याकाळी चहाच्या गाडीवर जाब द्यायचा. त्यात फुटबॉलमध्ये गोल मोजकेच. सामनाभर मुठीत धरलेला जीव एका क्षणात मोकळा होतो. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हाही, ‘पोरगं कुठल्या पेठेतलं?’ हे कुणीतरी विचारलंच असणार.