जुनी हायब्रिड मोटार घेताना

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मोटारीची पारख पुरुषांनी करावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. पण प्रवासाचे सामान बांधतो आपणच! तेव्हा गाडी पाहायला आपण अवश्य जावे.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल व वीज दोहोंवर चालणारी. 'माइल्ड हायब्रिड' मात्र नुसत्या विजेवर चालत नाही. नावाला भुलू नका. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते, म्हणून बचत शहरातल्या गर्दीत अधिक, मोकळ्या हमरस्त्यावर कमी.

बॅटरी जागाही अडवते. २०२२ साली आलेल्या होंडा सिटी हायब्रिडच्या डिकीत ३०६ लिटर जागा. साध्या सिटीत ५०६. आमच्या सासूबाईंची चाकांची खुर्ची डिकीत मावली नाही, तर त्यांना घरीच राहावे लागणार. म्हणून मी खुर्ची बरोबर नेऊनच गाड्या पाहिल्या.

बॅटरीची तपासणी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करवावी. हमी किती उरली व ती नव्या मालकाला मिळते का, हे लेखी घ्यावे. बॅटरीला हवा देणारी जाळी सामानाने झाकू नये.

पेट्रोलची बचत चांगलीच. पण घरचे माणूस मागे ठेवून ती करायची नाही.