देवमासा आणि मावा

वाटाण्याच्या कोवळ्या शेंड्यावर तांदळाच्या कणीएवढी हिरवी कीड दाटीने बसलेली आढळते. शेतकरी तिला मावा म्हणतात. निळा देवमासा म्हणजे नव्वद-शंभर फूट लांबीचा, दीडशे टनांपर्यंत भरणारा प्राणी. या दोघांना एका पारड्यात घालणे ही थट्टाच वाटेल. परंतु जगण्याच्या शर्यतीत बलवान कोण, असे विचारल्यास उत्तर इतके सोपे नाही.

देवमाशाची मादी सुमारे अकरा महिने गर्भ वाहते आणि दोन-तीन वर्षांतून एकच पिलू प्रसवते. पिलू जन्मतःच तेवीस फूट लांब असते. आईच्या दुधावर ते दिवसाला नव्वद किलोपर्यंत वाढते. तरी स्वतः माता होण्यास त्याला आठ-दहा वर्षे लागतात.

माव्याची रीत निराळी. वाढीच्या हंगामात त्याला नराची गरजच नसते. मादी एकटीच पिले देते आणि तीही माद्याच. १७४० साली जिनीव्हाच्या शार्ल बॉने या वीस वर्षांच्या तरुणाने अशी एक नवजात मादी एकटी कोंडून ठेवली. तिला ९५ पिले झाली! मातेच्या उदरातील कन्येच्या उदरात नातीचा गर्भ आधीच वाढू लागलेला असतो. आठ-दहा दिवसांत कन्या माता होते. चित्रांग भुंगे माव्याचा फडशा पाडतात, पण वंश तुटत नाही.

देवमाशाजवळ अशी शिल्लक नाही. १९३०-३१ च्या एकाच हंगामात दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. पुढे शिकारीवर मर्यादा घातली गेली, तीही विचित्र! एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन देवमासे किंवा सहा सेई देवमासे, असा एकच गोळाबेरीज हिशेब. कोणत्या जातीचे किती उरले, हे त्यात कोठेच येत नव्हते. किराणा दुकानदारही मीठ आणि केशर एका खात्यात लिहीत नाही.

१९६६ साली निळ्या देवमाशाची शिकार बंद झाली. सोविएत जहाजांनी मात्र ती पुढेही काही वर्षे चोरून चालविली. आता त्याची संख्या हळूहळू वाढत आहे. बंदीपासून त्याच्या जेमतेम दोन पिढ्या झाल्या असतील. वाटाण्याच्या वेलावर तेवढ्या पिढ्या तीन आठवड्यांत होतात.