होय, मी अजून कार्टून बघतो
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात 'माझा छंद' या सत्रात केलेले मनोगत)



माझ्या आधी दोघं बोलले. एकानं डाळिंबाच्या बागेबद्दल सांगितलं, एकीनं गडकिल्ल्यांबद्दल. दोन्ही छंद चारचौघांत सांगण्यासारखे. माझा छंद संयोजकांना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "जपानी कार्टून? काय बे, चव्वेचाळीसचा झालास, अजून कार्टून बघतोस व्हय?" तर होय, बघतो. वाचतोही. पुस्तकात असलं की त्याला मांगा म्हणतात, पडद्यावर आलं की ॲनिमे.

हसू नका, कारण तुम्हीही बघितलंय. १९९३ साली आपण शाळेत होतो तेव्हा रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. टीव्ही सगळ्यांकडे नव्हता. रेल्वे क्वार्टर्समध्ये एकेका घरात पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं बसायची. ते 'जंगल बुक' जपानमध्ये, निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीत तयार झालेलं होतं. हिंदीतलं गाणं तेवढं आपलं, शब्द गुलजार यांचे आणि चाल विशाल भारद्वाज यांची. म्हणजे होटगीच्या पोरांनी पहिलं ॲनिमे सातवीच्या आतबाहेरच बघितलं, फक्त नाव माहीत नव्हतं.

मग मध्ये बरीच वर्षं काही नाही. पुढे डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत आले. भाचा बघायचा, त्याला जेवू घालता घालता मी बघायचो. भाचा मोठा झाला आणि सुटला. मी अडकलो तो अडकलोच.

पहिलं मांगा हातात घेतलं तेव्हा मी शेवटचं पान पहिलं समजून वाचायला लागलो. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्या बॅचमध्ये ज्यांच्या घरी उर्दू आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही, पण मला सवय व्हायला आठवडा लागला. चित्रं काळी-पांढरी, कागद साधा. तिकडे शाळकरी पोरापासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळे वाचतात, आणि शेती, स्वयंपाक, बुद्धिबळ, युद्ध अशा सगळ्या विषयांवर ती असतात.

आता थोडी माझी मतं. पटली नाहीत तर जेवताना भांडू.

'वन पीस' हे सगळ्यांत गाजलेलं. आपण दहावी झालो त्याच वर्षी, जुलै १९९७ मध्ये ते सुरू झालं आणि अजून चालू आहे. शंभराच्या वर खंड झालेत. आपली नोकरी, लग्नं, पोरंबाळं सगळं होऊन गेलं आणि तो लफी अजून खजिनाच शोधतोय. मला आवडतं, पण एकेका मारामारीला दोन-दोन पुस्तकं घालवतात तेव्हा मी पानं उलटत सुटतो. 'नारुटो' बहात्तर खंडांत संपलं, तेही थोडं आधी संपलं असतं तर चाललं असतं. पालक म्हणून एक सांगतो. सगळं मांगा मुलांसाठी नसतं. काहींत रक्तपात फार असतो, काहींत मुलींची चित्रं बघून आपल्यालाच अवघड होतं. पुस्तकावर वयाची सूचना असते, ती बघून घ्या. पण एक वाईट निघालं म्हणून सगळ्यांवर बंदी घालू नका.

कारण त्याच कपाटात ओसामु तेझुकांचं 'बुद्ध' आहे, सिद्धार्थाच्या जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत. ते १९७२ ते १९८३ अशी अकरा-बारा वर्षं लिहून काढलेलं आहे. केइजी नाकाझावांचं 'बेअरफूट जेन' आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि शाळेच्या दारात उभे होते. आपल्याला इतिहासात हिरोशिमावर दोन-चार ओळी होत्या, मी पाठ करून मार्क मिळवले. ते पुस्तक वाचल्यावर दोन रात्री झोप नीट लागली नाही.

आता मेळाव्याबद्दल. आपल्या देशात पहिलं कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला भरलं, नंतर मुंबईतही भरायला लागलं. मी पहिल्यांदा गेलो २०१८ साली. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो, घरी सांगितलं पतसंस्थेचं काम आहे. सकाळी दादरला उतरलो, लोकलनं गोरेगाव, तिथलं बॉम्बे एक्झिबिशन सेंटर. आत शिरलो आणि वाटलं, हा तर आपला गड्डा! तसेच स्टॉल, तशीच रेटारेटी, फक्त पाळणे नाहीत. पोरंपोरी आवडत्या पात्राचा वेष करून येतात, त्याला कॉस्प्ले म्हणतात. आपल्या लहानपणी दारात बहुरूपी यायचा, तसे शेकडो बहुरूपी एका छताखाली. कपडे घरी शिवलेले, तलवारी पुठ्ठ्याच्या आणि थर्माकोलच्या. एका मुलीनं केस निळे केले होते. तिनं मला अदबीनं विचारलं, "काका, तुम्ही कुणाला सोडायला आलात?" म्हटलं, "बाळा, मीच आलोय." तिनं माझ्याबरोबर फोटो काढून घेतला.

मला तिथं आवडलं ते हे, की वेगळं दिसणाऱ्याला कुणी हसत नव्हतं. उलट जो जास्त वेगळा, त्याच्याभोवती जास्त गर्दी. नंतर मी आणखी दोनदा गेलो, दोन्ही वेळा घरी खरं सांगून.

पहिल्या खेपेला पुस्तकांच्या स्टॉलवरच्या पोराला विचारलं, मारामारी नसलेलं काही आहे का? त्यानं 'अ सायलेंट व्हॉइस' हातात दिलं. योशितोकी ओइमा यांचं, सात खंडांचं. मी पहिला खंड घेतला आणि परतीच्या सिद्धेश्वरमध्ये, वरच्या बर्थवर वाचायला काढला.

गोष्ट अशी. सहावीच्या वर्गात एक नवी मुलगी येते, शोको. तिला ऐकू येत नाही. ती एक वही घेऊन फिरते, जे बोलायचं ते त्यात लिहा म्हणते. वर्गात शोया नावाचा मुलगा आहे. तो तिची वही पाण्यात टाकतो. मागून ओरडतो, तिनं वळून बघितलं नाही की वर्ग हसतो. एक दिवस तो तिच्या कानातलं मशीन ओढून काढतो.

कुर्डुवाडी गेलं, मी तिथंच अडकलो होतो. पुढचं पान उलटवत नव्हतं.

आपल्या वर्गातही एक जण होता. नाव घेत नाही, तुम्हाला कळलंय. खिशात डबीएवढं मशीन, तिथून कानापर्यंत वायर. आपण मागून हाक मारायचो. तो वळला नाही की आपण हसायचो. 'आपण' म्हणतोय, पण सुरुवात बहुतेक वेळा माझी असायची. सातवीत, मधल्या सुट्टीत, मी ती वायर ओढली. ती तुटली. सर, तुम्ही वर्गात येऊन विचारलं होतं, कोणी केलं? त्याला सगळं माहीत होतं, त्यानं नाव सांगितलं नाही. मीही उठलो नाही. सर, तुम्ही आज समोर बसला आहात. बत्तीस वर्षं झाली, उत्तर द्यायला उशीर झाला. मी केलं होतं.

पुस्तकातला शोया पुढे मोठा होतो. त्याला कुणाच्या तोंडाकडे बघता येत नाही, चित्रात सगळ्यांच्या चेहऱ्यांवर फुल्या काढलेल्या आहेत. मग तो खुणांची भाषा शिकतो आणि शोकोला शोधत जातो. मी सातही खंड वाचले, दोनदा वाचले, आणि सहा वर्षं काहीच केलं नाही. नुसतं वाचून माणूस सुधारत नाही, हे माझ्यावरून सांगतो.

मागच्या वर्षी या मेळाव्याचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. बघता बघता सगळे आले, तो नव्हता. कुणाकडे नंबर नव्हता. शेवटी त्याच्या गल्लीतल्या एकाकडून पत्ता मिळाला. सोलापुरात गणवेश शिवायच्या एका कारखान्यात तो कटिंग मास्तर आहे. मी पहिला खंड पिशवीत घालून गेलो. आता त्याच्या कानामागे छोटं मशीन असतं, आणि तो ओठ बघून बोलणं ओळखतो. मला बघितल्या बघितल्या ओळखलं.

बोलायचं ठरवून गेलो होतो, बोलता येईना. पुस्तक कटिंगच्या टेबलावर ठेवलं. त्यानं चित्रं बघत बघत पानं उलटली. त्या पोरावर बोट ठेवून म्हणाला, "हे तू?" मी मान हलवली. "आणि ही मी?" परत मान हलवली. "मला पोरगी केलास व्हय," म्हणाला आणि हसला. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला वाटायचं, मला एकट्यालाच आठवतंय."

वायर मिळेपर्यंत दोन महिने गेले होते. त्या सहामाहीत तो गणितात नापास झाला. हे मला त्या दिवशी कळलं. मी माफी मागितली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. चहा मागवला. त्यानंतर मी चार-पाच वेळा जाऊन आलो, आणि आज तो आलाय. पुढे, डाव्या बाजूला बसलाय, कारण तिथून बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. हे सगळं स्टेजवरून सांगू का, असं त्याला विचारलं होतं. म्हणाला, "सांग. पण माइक तोंडासमोर धरू नको." म्हणून मघापासून हनुवटीखाली धरलाय.

जाता जाता एक पुस्तक. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान', १९८१ सालचं. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलंय. त्यावर २०२३ मध्ये ॲनिमे चित्रपटही झाला. त्यातली शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. होटगी जंक्शनच्या पोरांना याहून काय पाहिजे! त्या शाळेत पोलिओ झालेला एक मुलगा आहे. तोत्तोचान त्याला जीव तोडून झाडावर चढवते, कारण तो कधीच झाडावर चढलेला नसतो. लेखिकेनं पुस्तकाच्या पैशांतून कर्णबधिर कलाकारांच्या नाटकासाठी संस्था उभी केली. तोत्तोचानच्या दोन प्रती आणि 'सायलेंट व्हॉइस'चे सात खंड मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देतोय. मुख्याध्यापकांना विनंती, ते कपाटात कुलूपबंद ठेवू नका. फाटले तर मी नवे देईन.

आणि बॅचला एक विनंती. परवा त्याला आपल्या ग्रुपवर घेतलंय. आपण सगळे आळशी, टाइप करायच्या ऐवजी बोलून पाठवतो. काल रात्रीपासून एकतीस व्हॉइस मेसेज आलेत. त्याला त्यातला एकही कळलेला नाही. इथून पुढं ग्रुपवर लिहून पाठवा. चुकीचं शुद्धलेखन चालेल, बाई आता मार्क कापणार नाहीत. आणि जेवताना त्याच्याशी बोलाल तेव्हा समोर येऊन बोला. मागून हाक मारू नका.