नियम मोडलेला आखाडा

लढतीच्या व्हिडिओ गेमवरचा चित्रपट पडला की गेममध्ये मुळात कथाच नसते, असे म्हणून विषय संपवला जातो. ‘मॉर्टल कॉम्बॅट’वरचे पहिले दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तर हे कारण टिकत नाही. पॉल अँडरसन यांच्या १९९५ च्या चित्रपटातली कथाही बेताचीच होती, पण तिला एक पक्का नियम होता. ‘आउटवर्ल्ड’ या शत्रूच्या जगाने ओळीने दहा स्पर्धा जिंकल्या तरच पृथ्वी त्यांची, नऊ जिंकून झालेल्या. त्यामुळे कोणतीही जोड लागली तरी काय पणाला लागले आहे, ते प्रेक्षकाला ठाऊक असे. १९९७ च्या ‘ॲनायलेशन’ने आरंभीच हा नियम झुगारला. हरलेला पक्ष नवे दार उघडून सरळ चाल करून येतो, सहा दिवसांत पृथ्वी गिळण्याची भाषा करतो आणि आधीच्या भागातला एक नायक जॉनी केज पहिल्या काही मिनिटांतच मारला जातो. मग पहिल्या भागात मिळवलेल्या विजयाला किंमत उरली ती काय?

कोणी म्हणेल, तिसऱ्या गेममध्येही स्पर्धा नव्हती, स्वारीच होती; चित्रपटाने तिचेच कथानक घेतले. खरे आहे. पण गेममध्ये नियम कथेत नसला तरी खेळात असतो: फेऱ्या ठरलेल्या, शक्तीची पट्टी डोळ्यांसमोर घटत जाणारी आणि डाव खेळणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांत. प्रेक्षकाच्या हाती यातले काहीच नसते. ते सारे कथेने पुरवायचे असते. इथे कथेने पुरवली ती पात्रांची गर्दी. रेनला त्याचा धनीच संपवतो, चार हातांची शीवा एकही लढत न लढता पिंजऱ्याखाली चिरडली जाते. चाहत्यांना आवडती पात्रे हवी होती, हे मान्य. पण त्यांना ती लढताना हवी होती. पैसा अपुरा पडला असेही नाही. खर्च पहिल्यापेक्षा जास्त, सुमारे तीन कोटी डॉलर; उत्पन्न मात्र पहिल्याच्या निम्म्याहून कमी. शेवटच्या झुंजीत नायक आणि खलनायक संगणकावर रंगवलेले प्राणी होतात, तेव्हा तर नायक झालेल्या रॉबिन शू यांची खरी चपळाईच पडद्यावरून नाहीशी होते. पहिल्या चित्रपटात रेप्टाइलशी झालेल्या त्यांच्या झुंजीतला एकेक फटका अंगावर येत होता.