शत्रूच्या पंक्तीस बसलेला इतिहासकार

इ. स. ४४९ मध्यें पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानींतून, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलहून, एक शिष्टमंडळ हुणांचा राजा ॲटिला याच्या भेटीस निघालें. हुणांच्या स्वाऱ्यांनीं बाल्कन प्रांत उध्वस्त झाला होता आणि सम्राट दुसरा थिओडोसियस त्यांस प्रतिवर्षीं २,१०० रत्तल सोनें खंडणी देत होता. शिष्टमंडळाचा प्रमुख होता मॅक्झिमिनस. त्याच्या आग्रहावरून त्याचा विद्वान स्नेही प्रिस्कस हाही बरोबर गेला. थ्रेसमधील पानियम हें प्रिस्कसचें गांव. ॲटिलास समक्ष पाहून त्याच्याविषयीं लिहिणारा आणि ज्याचें लेखन आज हातीं आहे, असा इतिहासकार हाच.

परंतु ह्या दोघांच्या नकळत त्याच शिष्टमंडळाच्या आडून एक कारस्थान चाललें होतें. दरबारांतील प्रबळ खोजा क्रिसाफियस यानें ॲटिलाचा सरदार एडेको यास ५० रत्तल सोन्याचें आमिष दाखवून राजाचा वध करविण्याचा घाट घातला होता. सम्राटाची त्यास संमति होती. व्हिजिलस नांवाचा दुभाषी ह्या कामीं मध्यस्थ होता. एडेकोनें मात्र सर्व हकीकत आपल्या धन्याच्या कानीं घातली. प्रामाणिकपणें तहाची बोलणीं करावयास निघालेले दोघे स्नेही अशा रीतीनें, कांहीं ठाऊक नसतांना, मृत्यूच्या दाढेंत शिरले.

वाटेंत नैसस, म्हणजे आजचें निश, हें शहर लागलें. तें ओसाड पडलें होतें आणि नदीकांठीं युद्धांत पडलेल्यांचीं हाडें विखुरलेलीं होतीं. हें पाहून पुढें गेलेल्या माणसानें शत्रूविषयीं केवळ द्वेषानें लिहिलें असतें, तरी त्यास कोणी दोष दिला नसता. प्रिस्कसनें तसें केलें नाहीं. ॲटिलाच्या मेजवानीचें त्याचें वर्णन प्रसिद्ध आहे. पाहुण्यांस चांदीचीं ताटें आणि सोन्यारुप्याचे पेले. राजापुढें मात्र लाकडी थाळींत नुसतें मांस, व पेलाही लाकडाचाच. पराक्रमाचीं गीतें ऐकून वृद्धांच्या डोळ्यांस पाणी आलें; विदूषकाच्या चाळ्यांनीं सर्व सभा हंसली, पण राजाची मुद्रा ढळली नाहीं. धाकटा मुलगा एर्नाक जवळ येतांच तेवढी त्याची दृष्टि निवळली.

त्याहून मोलाचा आहे तो एका ग्रीक माणसाशीं झालेला संवाद. हा पूर्वीं डॅन्यूबकांठच्या विमिनाकियम शहरीं व्यापार करीत असे. हुणांनीं त्यास कैद केलें. पुढें लढाईंत पराक्रम गाजवून तो मुक्त झाला आणि त्यांच्यांतच सुखानें राहिला. रोमन राज्यांत करांचा जाच असह्य आहे, श्रीमंत अपराधी सुटतो, गरिबास न्यायही विकत घ्यावा लागतो, असें त्याचें म्हणणें. प्रिस्कसनें रोमन कायद्याची बाजू मांडली. तेव्हां त्या माणसाच्या डोळ्यांत अश्रू आले. कायदे उत्तम आहेत, पण राज्यकर्ते पूर्वजांसारखे राहिले नाहींत, असें तो म्हणाला. आपल्या राज्यावरील हा आरोप प्रिस्कसनें लपविला नाहीं.

पुढें व्हिजिलस सोन्यासह पकडला गेला. डोळ्यांदेखत पुत्राचा वध होणार असें दिसतांच त्यानें सर्व कबूल केलें. मॅक्झिमिनस व प्रिस्कस तोंवर सुखरूप परतीस लागले होते. ॲटिलानें सोन्याची ती रिकामी थैली आपल्या दूताच्या गळ्यांत अडकवून कॉन्स्टॅन्टिनोपलला पाठविली व ही ओळखतां काय, असें क्रिसाफियसला विचारविलें. सम्राटाच्या दरबाराची ही नामुष्कीही प्रिस्कसनेंच नोंदविली आहे.

नंतर मॅक्झिमिनसबरोबर तो ईजिप्तमध्यें गेला. तेथें मॅक्झिमिनस वारला. पुढें सम्राट मार्सियनचा अधिकारी युफेमियस याचा तो सल्लागार झाला. त्याचा ग्रीक भाषेंतील इतिहास आठ भागांचा होता. तो संपूर्ण उरला नाहीं. दहाव्या शतकांत सम्राट सातवा कॉन्स्टॅन्टाइन यानें शिष्टाईविषयक उतारे संकलित करविले, त्यांत प्रिस्कसचे बरेच उतारे वांचले.

राजसेवेंत राहून राजाचें कपट लिहिणें आणि ज्यानें आपलीं शहरें जाळलीं त्याच्या मुद्रेवरील वात्सल्यही टिपणें, ह्या दोन्ही गोष्टी प्रिस्कसनें केल्या. ॲटिलाचें साम्राज्य ४५३ मध्यें त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत मोडलें. त्याच्या दरबाराची ती रात्र मात्र प्रिस्कसच्या लेखणीनें राखली.