मासिकाबरोबर आलेली तबकडी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी आम्हा काही जणांना ‘माझा छंद’ या विषयावर दहा-दहा मिनिटं दिली आहेत. आत्ताच कुणी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर बोललं, कुणी गच्चीवरच्या बागेवर. माझा छंद त्या मानाने जरा विचित्र आहे. व्हिडिओ गेमच्या मासिकांबरोबर पूर्वी ज्या सीडी मिळायच्या, त्या मी जमवते. नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडात होते. तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत त्या चिल्लर पैशांत मिळायच्या. तेव्हापासून हे वेड लागलं.

आपल्या लहानपणी टीव्ही गेम म्हणजे कॅसेट. ती नीट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत लावायची. मारिओ आणि काँट्रा आपण असेच खेळलो. त्या कॅसेटच्या आत चिप असते, म्हणून ती बनवायला महाग. मासिकाबरोबर अशी कॅसेट फुकट वाटणं कुणालाच परवडलं नसतं. १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये सोनीचं प्लेस्टेशन आलं आणि १९९५ च्या सप्टेंबरात ते अमेरिका-युरोपात पोचलं. त्याचे गेम सीडीवर होते. सीडी छापायला अगदी स्वस्त आणि तिच्यात जागा साडेसहाशे एमबी. त्याच काळातल्या निन्टेन्डो ६४ च्या मोठ्यात मोठ्या कॅसेटमध्ये ६४ एमबी मावायचे. म्हणून मासिकाला खेळता येणारी तबकडी चिकटवण्याची कल्पना प्लेस्टेशनवाल्यांना जमली.

इंग्लंडात १९९५ च्या अखेरीस ‘ऑफिशियल प्लेस्टेशन मॅगझिन’ सुरू झालं. पूर्ण गेम चाळीस पौंडांच्या आसपास, मासिक पाच पौंडांच्या आसपास. मासिकाबरोबरच्या सीडीवर पाच-सहा गेमचा एकेक तुकडा असायचा, त्याला डेमो म्हणत. एखाद्या शर्यतीची एकच फेरी, एखाद्या साहसाचा पहिलाच टप्पा. पोरं तो तुकडा महिनाभर पुरवून पुरवून खेळायची आणि मगच कुठल्या गेमसाठी पैसे साठवायचे ते ठरवायची. अमेरिकेत १९९७ मध्ये सोनीने ‘प्लेस्टेशन अंडरग्राउंड’ काढलं. ते तर निव्वळ तबकड्यांचंच मासिक होतं. वर्गणीदारांना टपालाने सीडी यायच्या. त्यांत गेम बनवणाऱ्यांच्या मुलाखती, डेमो, युक्त्या, सगळं टीव्हीवर बघायचं.

आजच्या मुलांना वाटेल, इंटरनेटवरून का नाही घेतलं? तेव्हाचं टेलिफोनवरचं इंटरनेट आठवा. ५६ के मोडेम पूर्ण वेगाने, एकदाही लाइन न तुटता चालला असता, तरी एक भरलेली सीडी उतरवायला जवळजवळ २६ तास लागले असते. आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद! आपल्याकडेही ‘चिप’ आणि नंतर ‘डिजिट’ या मासिकांबरोबर कॉम्प्युटरच्या सीडी यायच्या, त्याचं कारण हेच.

आता मुद्द्याचं बोलते. ‘डेमो म्हणजे जाहिरात, ती कशाला जपायची?’ असं मला नेहमी विचारतात. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे, डेमो हा गेम पूर्ण होण्याआधीचा कच्चा खर्डा असतो. १९९६ मध्ये जपानमध्ये ‘टोबल नंबर वन’ या गेमबरोबर ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या डेमोची तबकडी दिली होती. त्या डेमोत एरिथ ही नायिका पहिल्याच मोहिमेत नायकासोबत असते. पुढच्या वर्षी आलेल्या पूर्ण गेममध्ये त्या मोहिमेत ती नाही. म्हणजे बनवणाऱ्यांनी मधल्या काळात विचार बदलला. लेखकाच्या वहीतली खोडाखोड बघायला मिळावी तसंच हे.

दुसरं कारण मला जास्त जवळचं. सोनीने ‘नेट यारोझे’ नावाचं काळ्या रंगाचं प्लेस्टेशन काढलं होतं. यारोझे म्हणजे जपानीत ‘चला, करूया!’ हौशी माणसांनी ते विकत घ्यायचं, कॉम्प्युटरला जोडायचं आणि घरी बसून आपला गेम लिहायचा. अट कडक होती. खेळताना सीडीवरून काही वाचायचं नाही, सगळा गेम यंत्राच्या मेमरीत मावला पाहिजे आणि मुख्य मेमरी होती फक्त २ एमबी. एवढ्यात लोकांनी काय काय बनवलं! ‘टाइम स्लिप’ नावाच्या गेममध्ये आपण एक गोगलगाय. काळ पुन्हा मागे जातो आणि मघाशी आपण जे केलं, तेच करणारी आपलीच जुनी गोगलगाय समोर दिसते. तिच्या मदतीने वाट काढायची. हे गेम दुकानात विकायला ठेवलेच नव्हते. ब्रिटनमधल्या मासिकाने ते आपल्या तबकड्यांवर घेतले, म्हणून सामान्य प्लेस्टेशनवर घरोघरी खेळले गेले. आपल्या शाळेच्या हस्तलिखितात मुलांची कविता यायची ना, अगदी तसं.

आणि इथेच अडचण आहे. विकत घेतलेला गेम माणूस सांभाळतो. मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी रद्दीत जाते, नाहीतर चहाच्या कपाखाली. ते ब्रिटिश मासिक २००४ मध्ये बंद पडलं, अमेरिकेतलं ‘ऑफिशियल यू. एस. प्लेस्टेशन मॅगझिन’ २००७ च्या जानेवारीच्या अंकानंतर. ज्यांनी लाखोंनी छापलं त्यांचीच पाठ वळली, तर उरलं ते लोकांच्या कपाटात. जगभरातले हौशी लोक आता या तबकड्यांच्या हुबेहूब डिजिटल प्रती करून ठेवताहेत. मीही माझ्याकडच्या तबकड्यांच्या करते. एखादी वाचताच येत नाही, तेव्हा वाईट वाटतं.

तुमच्या घरीही सीडी असतीलच, लग्नाच्या, बारशाच्या, गॅदरिंगच्या. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. आपण सीडीची चकचकीत बाजू जपतो, पण खरी नाजूक बाजू वरची, नाव असलेली. खालून जवळजवळ सव्वा मिलिमीटर प्लॅस्टिक असतं. माहिती साठवणारा धातूचा थर वरच्या बाजूला नुसत्या पातळ लेपाखाली असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहू नका, चिकटवलेलं लेबल ओढून काढू नका. घरी कॉपी केलेल्या सीडी तर छापील सीडीपेक्षाही लवकर जातात. सीडी वाचणारे ड्राइव्ह आता नव्या लॅपटॉपमध्ये येतच नाहीत. तेव्हा हे काम पुढच्या मेळाव्यापर्यंत लांबवू नका.

माझ्याकडे चालू स्थितीतले दोन ड्राइव्ह आहेत. आपल्या तुकडीच्या, शाळेच्या जुन्या सीडी कुणाकडे असतील तर माझ्याकडे पाठवा. प्रत करून मूळ सीडीसकट परत देईन. आणि बाई, ग्रंथालयातल्या हस्तलिखितांचीही प्रत्येकी एकच प्रत आहे. परवानगी दिलीत, तर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं-पाच जण येऊन त्यांचं पान अन् पान स्कॅन करून देऊ. त्यातली कविता कुणाची किती वाईट होती, हे मात्र बाहेर फोडणार नाही!