तेरा जणांत एक कालवड

(महासंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण)



लेकीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने अमेरिकेत बोस्टन शहराजवळ राहून आले. आल्यापासून ज्या त्या बैठकीत विचारतात, काय काय बघितलंस? उंच इमारती आणि रुंद रस्ते तुम्ही मोबाईलवर बघताच, त्याचं मी काय सांगणार! मी एका गावाबद्दल सांगते. त्यातून आपल्या शेळी योजनेबद्दल एक विषय निघतो, म्हणून सभेत वेळ मागून घेतला.

बोस्टनच्या खाली साठ-पासष्ट किलोमीटरवर समुद्रकाठी प्लिमथ नावाचं जुनं गाव आहे. इंग्लंडहून आलेली माणसं १६२० साली तिथं उतरली आणि वस्ती करून राहिली. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून दहा वर्षं होती. आज तिथं बंदर आहे, दुकानं आहेत, हॉटेलं आहेत. पण गावाच्या बाहेर दोन-तीन मैलांवर त्यांनी ती जुनी वस्ती पुन्हा उभी केली आहे. प्लिमथ पटक्सेट असं त्या संग्रहालयाचं नाव, १९४७ साली सुरू झालेलं. संग्रहालय म्हटलं की आपल्याला काचेची कपाटं आठवतात आणि ‘हात लावू नये’ची पाटी. इथं चुलीत खरा जाळ आहे, वाफ्यात खरी भाजी आहे, कोंबड्या पायात येतात. तिकीट स्वस्त नाही. किती ते लेकीनं सांगितलं नाही, मी रुपयांत गुणाकार करत बसेन म्हणून!

तिथं दोन वस्त्या आहेत. एक इंग्रजांची आणि एक त्यांच्या आधीपासून तिथं राहणाऱ्या लोकांची. ते लोक वाम्पनोआग. आधी त्यांच्याकडे जाऊ.

नदीच्या काठाला झाडीत त्यांची घरं आहेत. कोवळी खोडं वाकवून कमानी केलेल्या, वरून झाडाच्या सालींचं आच्छादन. बाहेर चूल. एक माणूस लाकडाच्या भल्या मोठ्या ओंडक्यात विस्तव ठेवून, जळालेलं खरवडून होडी करत होता. तिथं काम करणारी माणसं मूळच्या लोकांपैकीच. कातड्याचे कपडे घालतात, पण सोंग करत नाहीत. आजची माणसं म्हणून आजच्या भाषेत बोलतात. सांगतात, आम्ही संपलो नाही, आम्ही अजून आहोत.

तिथल्या शेताजवळ मी बराच वेळ उभी राहिले. मातीचे उंचवटे केलेले. त्यावर मका, मक्याच्या ताटावर चढवलेला घेवडा, खाली भोपळ्याचा वेल पसरलेला. घेवडा जमिनीला बळ देतो, भोपळ्याची पानं ओल धरतात आणि तण दाबतात. आपण ज्वारीत तूर टाकतो त्याच जातीची अक्कल. मका, लाल भोपळा आणि घेवडा ही तिन्ही आपल्याकडे आली ती त्याच खंडातून. आपली मिरचीसुद्धा तिकडचीच! लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला पटेना. मग आपल्या आज्यांच्या आज्या तिखट कशाचं करत असतील? मिऱ्याचं.

हे शेत पेरायचं, खुरपायचं, काढायचं, साठवायचं, सगळं वाम्पनोआग बायकांचं काम. आणि नुसतं काम नाही, शेत आणि घर त्यांच्या ताब्यात. हे ऐकल्यावर मी लेकीला म्हटलं, पुन्हा एकदा विचार, नीट विचार. तिनं पुन्हा विचारलं. उत्तर तेच. त्यांच्यात बाई टोळीची प्रमुखही होऊ शकत होती. वीटामू नावाची अशी एक प्रमुख होऊन गेली. इंग्रजांशी १६७५-७६ साली मोठी लढाई झाली, त्यात ती आपल्या लोकांच्या बाजूनं उभी राहिली आणि त्याच लढाईत गेली. हरल्यावर त्यांच्या कितीतरी माणसांना गुलाम म्हणून समुद्रापार विकलं. अमेरिकेत नोव्हेंबरात सुगीचा मोठा सण करतात, त्याच दिवशी या लोकांपैकी काही जण १९७० पासून प्लिमथला जमून दुखवटा पाळतात. हे तिथं गेल्याशिवाय मला कळलं नसतं.

इंग्रज आले तेव्हा पटक्सेट गाव ओसाड होतं, कारण १६१६ ते १६१९ या काळात परक्या जहाजांबरोबर आलेल्या रोगानं त्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं गेली होती. पटक्सेटचा टिस्क्वांटम नावाचा माणूस वाचला, तो गावात नव्हता म्हणून. त्याला १६१४ साली पकडून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो फिरत फिरत परत आला तर गावात कुणी नाही. त्यानंच पुढं या नवख्या लोकांना मक्याच्या बुडाशी मासे पुरून पेरायला शिकवलं.

आता इंग्रजांची वस्ती. टेकडीच्या उतारावर दोन रांगांत लाकडी घरं, वर गवताचं छप्पर, भोवती उंच लाकडी कुंपण, माथ्यावर तोफा ठेवलेली इमारत, आणि समोर समुद्र. इथली माणसं मात्र सोंगातली. त्या काळात खरोखर होऊन गेलेल्या एकेका व्यक्तीचं नाव घेऊन वावरतात, बोलणंही तेव्हाच्या धाटणीचं. मोबाईल दाखवला तर ओळखत नाहीत! एका घरात एक बाई चुलीवर काहीतरी रटरट शिजवत होती. आत धूर. लेक खोकत बाहेर गेली, मी आरामात बसले. बाईनं विचारलं, कुठून आलात? मी हिंदुस्थान म्हटलं. तर म्हणाली, म्हणजे मिरी येतात तिकडच्या! मग तिनं मला राख कुठं टाकते, कपडे कशानं धुते, वाफ्यात काय लावलंय, सगळं दाखवलं. दुभाषी बाहेर खोकत असताना आमचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांवर झालं आणि काही अडलं नाही.

जहाजातून १०२ माणसं आली होती. त्यांत लग्न झालेल्या बायका १८, त्यांतल्या काही गरोदर. एलिझाबेथ हॉपकिन्स भर समुद्रात बाळंत झाली, सुझाना व्हाइट किनाऱ्याला लागल्यावर जहाजातच. मी बाळंतपणालाच गेलेली, त्यामुळे हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं मेली आणि १८ बायकांपैकी पुढच्या सुगीला चारच उरल्या. एलिनोर बिलिंग्टन, एलिझाबेथ हॉपकिन्स, मेरी ब्रूस्टर आणि सुझाना. सुझानाचा नवरा त्या हिवाळ्यात गेला आणि मे महिन्यात तिचं दुसरं लग्न झालं. मांडीवर तान्हं पोर.

१६२१ च्या त्या सुगीला वस्तीतली पन्नासएक माणसं आणि वाम्पनोआग प्रमुखाबरोबर आलेले नव्वद पुरुष तीन दिवस जेवले. त्याची हकीकत एका पुरुषानं पत्रात लिहून ठेवली आहे. चार जण पक्षी मारायला गेले, पाहुण्यांनी पाच हरणं आणली, सगळं आहे. ते पक्षी सोलले कुणी, रांधलं कुणी, याचा एक शब्द नाही. दीडशेच्या आसपास माणसांची पंगत, तीही तीन दिवस! आपण बचत गटाच्या बायका लग्नाचा स्वयंपाक घेतो, म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता पैशाचं. तिथं फिरताना मला सगळ्यात जास्त खटकलं आणि सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

ही माणसं कर्ज काढून आली होती. लंडनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले, दहा पौंडाचा एक शेअर. करार असा की सात वर्षं सगळी कमाई एकत्र, मग वाटणी. शेती एकत्र, धान्य एकत्र. बायकांनी दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे कपडे धुवायचे, त्यांना रांधून घालायचं. विल्यम ब्रॅडफर्ड या त्यांच्या प्रमुखानं लिहून ठेवलंय की बायकांना असं राबवणं नवऱ्यांना पटत नव्हतं. बायकांना काय वाटत होतं, ते कुणी लिहिलं नाही. १६२३ साली मग घरटी जमीन कसायला दिली. लगेच मका जास्त आला, आणि आधी ‘अंगात ताकद नाही’ म्हणणाऱ्या बायका पोरं घेऊन आपणहून शेतात जायला लागल्या.

आता कुणी म्हणेल, बघा, एकत्र काम चालतच नाही, गट-बिट सोडा. मला ते पटत नाही. ते एकत्र काम लंडनच्या सावकारांनी ठरवलेलं होतं. राबणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

कर्ज काही सुटेना. मालासाठी लंडनला माणूस पाठवला, तर त्याला दीडशे पौंड मिळाले वर्षाला ५० टक्के व्याजानं! पुढच्यानं २०० पौंड ३० टक्क्यांनी आणले, तर तेच बरं म्हणायची वेळ. आपल्या भागातल्या सावकाराला मी दोष देत होते, हे तर त्याचे खापरपणजे. शेवटी व्यापाऱ्यांशी तडजोड झाली. एकूण १,८०० पौंड, दरसाल २०० पौंडाचा हप्ता, नऊ वर्षं. वस्तीतल्या आठ जणांनी ती जबाबदारी अंगावर घेतली. नऊ वर्षांत काही फिटलं नाही. पुढं १६४० नंतरही देणं चालूच होतं.

आणि १६२७ च्या मे महिन्यात त्यांनी जनावरांची वाटणी केली. गावात पहिली गाय १६२४ साली आली होती, तोवर गाईच्या दुधाचा थेंब नाही. जनावरं थोडी, माणसं १५६. मग त्यांनी काय केलं? १३-१३ माणसांचे १२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. ही यादी आजही आहे. पहिल्या गटात फ्रान्सिस कुक, त्याची बायको हेस्टर, त्यांची पाच मुलं आणि बाकी सहा जण. त्यांच्या वाट्याला काय आलं? चार काळ्या कालवडींतली सगळ्यात लहान एक आणि दोन शेळ्या.

तेरा जणांत एक कालवड! मी ते ऐकलं आणि तिथंच बाकावर बसले. लेकीला वाटलं, पाय दुखले.

नियमही लिहिलेत. जनावर दहा वर्षं गटाकडं. मूळ जनावर आणि निम्मी वाढ सगळ्यांची, निम्मी वाढ सांभाळणाऱ्या गटाची कायमची. जनावर मेलं किंवा जायबंदी झालं तर तिऱ्हाईत माणसांनी पाहणी करायची. हयगय झाली का, ते त्यांनी ठरवायचं. झाली असेल तर भरपाई, नसेल तर नाही.

आपल्या योजनेत एक शेळी देतो आणि पहिल्या वेतातलं एक करडू गटाला परत घेतो. हे आपण कुणाचं बघून केलेलं नाही, आपल्याच डोक्यातून निघालं. पण शेळी मेली तर काय, हे आपण कागदावर आणलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात दोन गटांत त्यावरून बोलणं बंद झालं. एक म्हणते आजारानं मेली, दुसरी म्हणते हिनं भिजत ठेवली. दोघी आज या सभेत बसल्यात, मी नावं घेत नाही. त्या रागात एका गटाची तीन महिने बचत थांबली, म्हणजे शेळीपेक्षा महाग पडलं.

दुसरी गोष्ट नावाची. त्या यादीत हेस्टरचं नाव आहे, तिच्या चिमुरड्या पोरींचीही आहेत. प्रत्येकीचं डोकं मोजलं. पण त्याच सुमाराला जमिनीचे हिस्से ठरले, ते असे की बायकोचा आणि पोरांचा हिस्सा घरच्या पुरुषाच्या हाती. इंग्रजांच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याचीच होती. मोजायला बाई, हातात द्यायला पुरुष. आणि तीन-चार शेतांपलीकडे वाम्पनोआग बाई स्वतःच्या शेतात उभी.

आपल्या शेळी नोंदवहीत सभासदाचं नाव आहे, बरोबर. पण मी परवा विम्याचे कागद चाळले. तिथं बऱ्याच ठिकाणी मालक म्हणून नवऱ्याचं नाव, कारण फॉर्म भरायला तोच गेला होता. शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर कुणाच्या नावावर आहे, हे शेळी मेल्यावरच कळतं. विम्याचे पैसे तिसऱ्याच खात्यात जातात आणि कर्जाचा हप्ता मात्र आपल्या पासबुकात चढतो.

तेव्हा मी दोन ठराव मांडते. एक, शेळी दगावली तर दोन दिवसांच्या आत दुसऱ्या गावच्या गटातल्या दोन सभासदांनी येऊन पाहणी करायची आणि त्यांचा लेखी निकाल दोन्ही बाजूंनी मानायचा. त्यांचा एसटीचा खर्च महासंघानं द्यायचा. दोन, पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं विम्याचा कागद घेऊन यायचं, आणि जिथं नाव चुकीचं आहे तिथं ते बदलून घेईपर्यंत त्या गटाला नवीन शेळी नाही. दुसऱ्या ठरावाला घरातून विरोध होईल, हे धरून चला.

सूचक माझं नाव लिहा. अनुमोदन कोण देतंय?